धुरीयंत्र घेताना वॅट नव्हे, तापमान पाहा



अन्नाला धूर देणारे विजेचे घरगुती धुरीयंत्र जास्त वॅटचे घ्यावे, हा गेल्या अंकातील पत्रलेखकांचा सल्ला अपुरा आहे. वॅट जास्त असले की यंत्र लवकर तापते, एवढेच. खरी गरज आहे ती तापमान स्थिर ठेवणाऱ्या थर्मोस्टॅटची. कारण चिकन आतून ७४ अंश सेल्सिअसपर्यंत तापलेच पाहिजे.

धुरासाठी लाकूड आंब्याचे, कोरडे, बिनरंगाचे घ्यावे. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातला प्लायवूडचा भुसा फुकट मिळाला तरी नको. त्यातल्या सरसाचा आणि पॉलिशचा विषारी धूर अन्नात उतरतो.

अंबरनाथ-बदलापूरच्या फ्लॅटमधील बंद बाल्कनीत तर हे यंत्र लावूच नये. धुमसत्या लाकडातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. मोकळी गच्ची नसेल, तर खिडक्या उघड्या ठेवून वाटीतल्या निखाऱ्यावर तूप सोडावे. तो धुंगार घरच्या जेवणाला पुरेसा आहे.

— एक वाचक, अंबरनाथ (पूर्व)