कुलूप चोरासाठी, किल्ली घरच्यांकडे

सुट्टी जवळ आली की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांमधून आणि पोलिसांच्या पत्रकांमधून बायकांना उपदेश सुरू होतात. प्रवासात दागिने घालू नका, ओटीपी कुणाला सांगू नका, स्टेशनवरचं फुकटचं वायफाय वापरू नका, घर बंद असल्याचं फेसबुकवर जाहीर करू नका. उपदेश चुकीचे नाहीत. पण या सगळ्यांमध्ये बाईच्या फोनवर टपलेला माणूस नेहमी परका असतो. तो फलाटावर असतो, लॉजच्या काउंटरवर असतो, नाहीतर कुठल्याशा दूरच्या गावातून बँकेचा साहेब बनून बोलत असतो. तो कधीही शेजारच्या बर्थवर झोपलेला नसतो. तिने पहाटे उठून केलेले पुरी-बटाटे खात नसतो.

आपल्या केंद्रांमध्ये येणाऱ्या बायका मात्र वेगळंच सांगतात. ‘माझे मेसेज वाचले’ या वाक्याचा कर्ता बहुतेक वेळा नवरा असतो, कधी सासू, कधी दीर, माहेरी असेल तर भाऊ, आणि अलीकडे मिसरूड फुटलेला मुलगासुद्धा! हॅकर क्वचित. तरीही बाईच्या सुरक्षिततेची सगळी भाषा चोराला धरून बेतलेली आहे, कारण चोराबद्दल बोललं की कुटुंबाबद्दल बोलावं लागत नाही.

कुटुंबाची सहल कशी असते ते आठवून पाहा. मे महिना, दापोली किंवा महाबळेश्वर, एका खोलीत पाच माणसं आणि दोन प्लग. बाईचा फोन पहिल्या तासातच तिच्या हातून जातो. नवऱ्याच्या फोनमध्ये फोटोंना जागा उरलेली नसते, म्हणून तिचा. धाकट्याला घाटात गप्प बसवायला गेम हवा, म्हणून तिचा. तिकिटांची पीडीएफ दिराच्या लॅपटॉपवर घ्यायची असते, म्हणून तिचं व्हॉट्सॲप तिथे जोडलं जातं आणि सहल संपली तरी जोडलेलंच राहतं. मग ती घरी येऊन बहिणीशी जे बोलते ते तिकडे, त्या पडद्यावर, ओळीने उमटत असतं. फोन सलग चौदा दिवस वापरलाच नाही तर ही जोडणी आपोआप तुटते. पण चौदा दिवस फोन न वापरणारी बाई शोधायची कुठे? हे सगळं कुणी दुष्टाव्याने करतं असंही नाही. ‘तुझा फोन दे गं जरा’ या पाच शब्दांत सगळं होऊन जातं. नवऱ्याचा फोन असा कुणी मागत नाही. त्यात म्हणे ‘ऑफिसचं’ असतं.

बाई एकटी निघाली तर आणखी मजा. महाराष्ट्र सरकारने मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट केलं. मुलांना घेऊन माहेरी चार दिवस जाणं हीच जिची सुट्टी, अशा कितीतरी जणींना त्याचा खरा उपयोग झाला. पण घराचा उंबरा ओलांडण्याआधी ‘लाइव्ह लोकेशन’ चालू करण्याचा नवा कर घरोघरी बसला आहे. व्हॉट्सॲपवर त्याची मुदत पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तास अशी मिळते. पुण्याहून लातूरला जाणाऱ्या बाईला अर्थातच आठ तासांची. गाडी चहाला थांबली तर फोन : ‘इतका वेळ तिथे काय करतेस?’ याला काळजी म्हणतात. काळजी असूही शकते, नाही म्हणत नाही; रात्रीच्या गाडीने निघालेल्या मुलीचा ठिकाणा आईलाही हवा असतो. तेव्हा परीक्षा सोपी करू या. तो बाहेरगावी जातो तेव्हा त्याचं लोकेशन तिच्याकडे येतं का? आणि तिने ते मधेच बंद केलं तर तिला घरी येऊन कारण द्यावं लागतं का? दुसऱ्या प्रश्नाला होकार असेल तर ती हजेरी आहे.

व्हॉट्सॲपने एप्रिल २०१६ मध्ये सगळ्यांचे संदेश सांकेतिक केले. पाठवणाऱ्याच्या फोनमध्ये मजकूर कुलूपबंद होतो आणि तो घेणाऱ्याच्याच फोनमध्ये उघडतो. मधल्या वाटेवर खुद्द कंपनीलाही तो वाचता येत नाही. हे कुलूप चांगलं आहे, ते टिकलं पाहिजे, सरकारने त्याला हात लावता कामा नये. पण ते वाटेवरचं कुलूप आहे. फोन उघडून ज्याच्या हातात दिला त्याच्यापुढे ते काय करणार? झोपलेल्या बाईचं बोट उचलून फोनला लावायला कुठलंही तांत्रिक ज्ञान लागत नाही.

आणि हे मोबाईलने आणलेलं संकट आहे अशी कुणाची समजूत असेल तर तीही सोडून देऊ या. १८९८च्या टपाल कायद्यात पोस्टाच्या नोकराने कर्तव्य मोडून पत्र उघडणं हा गुन्हा होता. (तो कायदा २०२४ पर्यंत चालला, त्याच्या जागी आलेल्या नव्या कायद्यातही सरकारने स्वतःसाठी पत्रं अडवण्याची सोय ठेवलीच आहे.) पण पोस्टमनने सचोटीने आणून दिलेलं सुनेचं पत्र सासूने माजघरात उघडलं, याची फिर्याद घेऊन कुणी कधी चौकीत गेलं? आंतरदेशीय पत्राच्या कडा आधीच सुटलेल्या असायच्या. म्हणून तर मुली ‘मी इकडे सुखरूप आहे’ एवढंच लिहायला शिकल्या, आणि आया त्या वाक्याचा अर्थ अक्षराच्या थरथरीवरून लावायला शिकल्या.

हे पत्र घराबाहेर पडणं किती मोलाचं असतं हे महाराष्ट्रातल्या स्त्री-चळवळीला शिकवावं लागू नये. मंजुश्री सारडा लग्नानंतर चार महिन्यांत, जून १९८२ मध्ये, पुण्यात सासरी मरण पावली. तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं खटल्यात मध्यवर्ती ठरली. खालच्या दोन्ही न्यायालयांनी दोषी ठरवलेल्या नवऱ्याला सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली निर्दोष सोडलं. त्याच पत्रांमध्ये न्यायालयाला आत्महत्येची शक्यता दिसली. त्या निकालावर तेव्हा बोलायचं ते आपण रस्त्यावर उतरून बोललो. पण मेलेल्या बाईची अशी पत्रं पुरावा म्हणून वाचता येतात हे त्याच निकालाने मान्य केलं. ती वाचता आली, कारण ती लिहिली गेली होती, पोस्टात पडली होती आणि कुणीतरी जपून ठेवली होती. आज त्याच मुलीने बहिणीला व्हॉट्सॲप केला असता. फोन सासरच्यांच्या हाती असता तर ‘सगळ्यांसाठी काढून टाका’ हे बटण कुणी दाबलं असतं? मेसेज वाचला जाणं ही निम्मीच गोष्ट. ज्याच्या हाती फोन, त्याच्याच हाती पुरावा.

आता नेहमीचा सवाल. ‘लपवण्यासारखं आहेच काय?’

आहे! बहिणीला पाठवलेले पाचशे रुपये आहेत. डॉक्टरने दिलेल्या गोळ्या आहेत. भिशीचा नंबर आहे. कॉलेजातल्या मैत्रिणीपाशी सासूबद्दल काढलेले चार शब्द आहेत. ते काढले नाहीत तर बाई वेडी होईल. वकिलाची तारीख आहे, १८१ला केलेला फोन आहे. प्रेम असेल तर तेही आहे. आणि यातलं काहीच नसेल, तरी स्वतःशी बोलावं इतकी जागा माणसाला लागते; पुरुषाला ती चहाच्या टपरीवर मिळते, बाईला फोनमध्ये मिळते. नवरा-बायकोत कसलं आलंय खाजगी, असं म्हणणाऱ्यांनी आपला पासवर्ड आजवर किती वेळा बायकोला दिला ते आधी सांगावं.

शिवाय आपली चळवळच झाकलेल्या नावाने सुरू झालेली आहे हे विसरू नये. १८८५ साली ‘एक हिंदू स्त्री’ या टोपणनावाने ‘टाइम्स ऑफ इंडिया’त बालविवाहावर आणि सक्तीच्या वैधव्यावर पत्रं लिहिणारी बाई म्हणजे रखमाबाई. नांदायला चल म्हणून नवऱ्याने दावा लावलेला असताना ती लिहीत होती. तेव्हा तिचा फोन, म्हणजे तिची दौत-लेखणी, कुणी रोज रात्री तपासून पाहत असतं तर?

पण मैत्रिणींनो, इथे आपल्यालाच एक अवघड प्रश्न आहे आणि तो टाळून चालणार नाही. ‘घरातली गोष्ट घरात’ या वाक्याविरुद्ध आपण आयुष्यभर लढलो. मारहाण ही खाजगी बाब नाही, असं ओरडून सांगितलं. मग आज खाजगीपणाचा हक्क कुठल्या तोंडाने मागायचा? आपल्यातल्याच काही जणींना त्यात विसंगती वाटते. मला वाटत नाही. आजवर जपला गेला तो घराण्याचा खाजगीपणा. चार भिंतींच्या आतल्या बाईचा वेगळा खाजगीपणा कुणी मानलाच नव्हता. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने १९८३ साली सरिता खटल्यात तो मानला आणि नांदायला भाग पाडणारं हिंदू विवाह कायद्याचं नववं कलम रद्द ठरवलं. त्यानंतर लवकरच दिल्ली उच्च न्यायालयाने घरात संविधान आणणं म्हणजे काचसामानाच्या दुकानात बैल सोडणं असं म्हटलं, आणि सर्वोच्च न्यायालयानेही ते कलम कायम ठेवलं. २०१७ साली नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हा त्याच्या आड पुरुषी वर्चस्व लपवता येणार नाही, असंही निकालपत्रात बजावलं गेलं. बजावणं कागदावर राहिलं. २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा पाहा : एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी वापरलेल्या माहितीला तो लागूच नाही. म्हणजे कायदा दारापर्यंत आला आणि चपला काढून तिथेच बसला.

दुसरं एक कलम मात्र आपण पुरेसं वापरलेलं नाही. बाईचा इंटरनेट, ईमेल किंवा अन्य इलेक्ट्रॉनिक संपर्क यांवर पुरुषाने पाळत ठेवणं हा २०१३ पासून गुन्हा आहे; आधी भारतीय दंड विधानाचं ३५४-ड, आता भारतीय न्याय संहितेचं ७८वं कलम. बलात्काराच्या कलमात नवऱ्याला सूट दिल्याचं चक्क लिहून ठेवलं आहे. या कलमात तसं काही लिहिलेलं नाही. मग तक्रार घेताना ठाणे अंमलदार ‘अहो बाई, नवराच आहे ना तुमचा’ म्हणतो ते कुठल्या पुस्तकातून?

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जोडीदाराचं चोरून ध्वनिमुद्रित केलेलं बोलणं वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून चालेल असा निर्णय दिला. बायकोचे फोन गुपचूप रेकॉर्ड करणाऱ्या नवऱ्याचं प्रकरण होतं. याने मार खाणाऱ्या बाईलाही शिवीगाळ मुद्रित करता येईल, हे खरं, आणि काही जणींचं भलं होईलही. न्यायालयाचं म्हणणं असं की पाळत ठेवण्यापर्यंत वेळ आली म्हणजे संसार आधीच मोडलेला असतो. पण इथे तर पाळत हाच संसार असलेली घरं गल्लोगल्ली आहेत! कान, डोळे, फोन आणि फुरसत ज्याच्याकडे जास्त, त्याच्याकडे पुरावाही जास्त साठणार.

‘हे सगळं पांढरपेशांचं दुखणं, आमच्या वस्तीत मुळात फोन एकच’ हा आक्षेप कार्यकर्त्यांकडूनच येतो. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या जेमतेम ५४ टक्के बायकांकडे स्वतः वापरत असलेला मोबाईल होता. म्हणजे उरलेल्या जणी दुसऱ्याच्या फोनवरून बोलतात, दुसऱ्यासमोर बोलतात. फोन एक आहे म्हणून प्रश्न सुटत नाही, दुप्पट होतो. सिमकार्ड नवऱ्याच्या नावावर असेल तर खात्याचे पैसे, रेशनचा निरोप, योजनेचा ओटीपी सगळं त्याच्या खिशात वाजतं.

तेव्हा आपल्या केंद्रात बाई आली की नाव-गाव लिहिण्याआधी विचारलं पाहिजे : तुमचा फोन कोण कोण उघडतं? तुमच्याशी बोलायचं तर कुठल्या वेळी, कुठल्या नंबरवर? निरोपात संस्थेचं नाव घालायचं की ‘शिवणक्लासची तारीख’ म्हणायचं, ते तिने ठरवावं. तिच्या जखमांचे फोटो आपल्या गटावर फिरता कामा नयेत. आणि जिला मार बसतो तिला ‘आजच सगळे पासवर्ड बदल’ असा सल्ला घाईने देऊ नये. काल उघडणारा फोन आज उघडला नाही की रात्री काय होतं हे तिला आपल्याहून चांगलं ठाऊक असतं. तिच्यासाठी शेजारणीचा फोन, माहेरचा फोन, केंद्रातला फोन जास्त सुरक्षित असू शकतो. कुठलं कुलूप कधी लावायचं हे तिने ठरवावं, आपण फक्त कुलपं दाखवावीत.

बाकीच्या जणींनी मात्र सुट्टीवरून परतल्यावर बॅग रिकामी करण्याआधी व्हॉट्सॲपमधली ‘लिंक्ड डिव्हायसेस’ची यादी उघडावी आणि ओळखीचं नसेल ते तोडावं. गुगल मॅप्समध्ये आपला ठिकाणा कुणाला दिसतो तेही पाहावं. पडद्यावर आपोआप झळकणारा मजकूर बंद करावा, बोटाऐवजी आकड्यांचं कुलूप ठेवावं. उन्हाळी शिबिरात यासाठी एक सत्र ठेवावं, आणि ते सायबर विभागाच्या साहेबांना देऊन टाकू नये. ते पुन्हा चोराबद्दलच बोलतील. यादी उघडायला दोन मिनिटं लागतात. ती उघडल्यावर ‘हा लॅपटॉप कुणाचा?’ इथून ज्या गप्पा सुरू होतील, त्यांना तास-दीड तास तरी राखून ठेवावा.