कर्ज दिले, गिऱ्हाईक कोण?

केंद्र सरकारच्या एक लाख कोटी रुपयांच्या संशोधन, विकास आणि नवोन्मेष निधीला आमचा पाठिंबा आहे. पण सरकार स्वतः पहिले गिऱ्हाईक झाल्याखेरीज प्रयोगशाळेतला शोध बाजारात टिकणार नाही. या निधीतून मिळते ते अनुदान नव्हे, अल्पव्याजी वा बिनव्याजी दीर्घ मुदतीचे कर्ज किंवा भागभांडवल. कर्ज फेडायचे तर मागणी हवी आणि सरकारी निविदा मागते मागील उलाढाल व पूर्वानुभव. नवा संवेदक घडवणाऱ्याने हा पूर्वानुभव आणायचा कुठून? नवउद्योगांसाठी ही अट शिथिल करण्याची मुभा २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत आहे. पण फाइलवर सही करून चौकशी ओढवून कोण घेणार? करदात्यांचा पैसा जोखमीत घालू नये, हा आक्षेप रास्तच. मात्र कर्ज देताना ती जोखीम सरकारने पत्करलीच आहे. आता ही मुभा बंधनकारक करा आणि प्रामाणिकपणे सही करणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण द्या.