‘जुना रंधा’ एवढंच लिहू नका

मागच्या महिन्यात शापायची सुतारकामाची पेटी माळ्यावरून खाली आली. (आजोबांना आमच्या घरात शापाय म्हणतात, बाहेर मराठी, घरात कोकणी असा आमचा कारभार.) आत अकरा रंधे निघाले. जुन्या वस्तू घेणारा माणूस म्हणाला, “शोपीस म्हणून जातील, जरा पॉलिश मारून ठेवा.” दादा लगेच सँडपेपर घेऊन बसला. मी मधे पडले.

मी काही फार शहाणी नव्हते. एका रंध्याचं पातं करवतीसारखं दातेरी होतं. मला वाटलं गंजाने खाल्लंय, म्हणून धार लावायला दिलं. परत आलं तर दात आणखीच तीक्ष्ण! शेवटी आमच्या पॅरिशमधल्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींना दाखवलं. ते हसले. “अगं बाय, हे दात पडलेले नव्हेत, मुद्दाम पाडलेत.”

पात्याच्या सपाट अंगावर उभ्या बारीक खाचा असतात आणि धार लावतात ती उताराच्या बाजूने. त्यामुळे कितीही घासलं तरी दात पुन्हा उगवतात. हे पातं रंध्यात जवळजवळ उभंच बसतं. व्हेनिअर सरसाने चिकटवण्याआधी खालचं लाकूड याने घासायचं, म्हणजे ते सपाटही होतं आणि सरस धरण्याइतकं खरखरीतही. मी ज्याला बिघाड समजले तेच त्याचं काम होतं.

म्हणून माझं म्हणणं असं, की जुना रंधा ओळखताना आधी नाव आणि किंमत शोधू नका. तळ आणि पातं बघा. तळ खोलगट असेल तर लाकूड फुगीर निघणार, तळ फुगीर असेल तर लाकडात पन्हळ पडणार. गंमत म्हणजे इंग्रजीत यांना ‘हॉलो’ आणि ‘राउंड’ म्हणतात ते रंध्याच्या तळावरून, कामावरून नाही. साहित्याच्या विद्यार्थिनीला हे फार आवडलं. पातं तळाखाली एकट्या दातासारखं लोंबत असेल, तर तो खाचेचा तळ एकसारखा करणारा रंधा. इंग्रज सुतारांनी त्याला ‘म्हातारीचा दात’ असं नाव ठेवलंय! आणि तळ पातळ पोलादी पट्टीचा असून वरचा स्क्रू फिरवल्यावर वाकत असेल, तर तो गोल टेबलाच्या कडेला किंवा कमानीला चालवायचा.

नंबरवर तर मुळीच विसंबू नका. अमेरिकेच्या स्टॅनली कंपनीच्या साध्या रंध्यांत १ ते ८ असा नंबर चढतो तशी लांबी वाढते. ८ नंबरचा २४ इंची. पण हा वाकणारा त्यांच्याकडे ११३ नंबरचा आहे, म्हणून तो काही अवाढव्य नसतो. १८९७ साली आलेला ५५ नंबर तर पाती बदलून खाचा, गोलाई, नक्षीच्या कडा असं सगळंच करायचा. एखादं पातं हरवलं की त्याचं तेवढं काम गेलं. म्हणून पेटीतले सुटे तुकडे भंगारात टाकू नका.

आणि सँडपेपर? लाकडी रंध्याच्या पुढच्या तोंडावर बऱ्याचदा बनवणाऱ्याचा ठसा असतो, शेजारी वापरणाऱ्यांचेही. आमच्या एकावर तीन वेगवेगळ्या माणसांचे ठसे आहेत. दोन मिनिटांच्या घासण्यात तिघेही गेले असते.

दादा विचारतो, “वापरणार कोण?” प्रश्न खोटा नाही. घरात जागा नाही आणि मला रंधा सरळ चालवताही येत नाही. विका, माझी हरकत नाही. पण घेणाऱ्याच्या हातात जाताना त्याच्यावर ‘जुना रंधा’ एवढीच चिठ्ठी नको.

नऊ रंध्यांच्या चिठ्ठ्या लिहून झाल्या. दोन अजून कळलेले नाहीत. रविवारी मिस्सा संपल्यावर मेस्त्री घरी येणार आहेत. तोवर सँडपेपर मी लपवून ठेवलाय.