त्याग मागून घ्यायचा नसतो



आम्ही मुरगावात आजारी माणसांच्या घरी भेटी देणारे काही स्वयंसेवक. सडा, बायणा, चिखली, जिथून बोलावणे येते तिथे जातो. आज एका गोष्टीवर स्पष्ट बोलायचे आहे, आणि त्यातला पहिला दोष आमचाच आहे.

एका घरी नवऱ्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, प्रत्येक वेळी चार तास. किडनी कोण देणार याची घरात चर्चा चालू असताना आम्ही तिथे तेर्साला बसलो होतो. प्रार्थना संपली आणि आमच्यातलेच एक जण सर्वांसमक्ष त्याच्या बायकोकडे पाहून म्हणाले, "वहिनी, देवाने तुम्हाला दोन दिल्यात ना?" सगळे म्हणाले, "आमेन." वहिनींनी मान खाली घातली. आम्ही तो होकार समजलो.

शस्त्रक्रिया झाली. नवऱ्यासाठी आम्ही मिस्सा ठेवली, फळे नेली. तीन आठवड्यांनी वहिनी नळावरून पाण्याची कळशी उचलून आणताना दिसल्या. त्यांच्यासाठी आमच्यापैकी कुणीही काही नेले नव्हते.

जिवंतपणी किडनी देणे ही मोठी कृपा आहे, याबद्दल आमचा वाद नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५च्या 'इव्हान्जेलियुम विते' या परिपत्रकात, योग्य रीतीने केलेले अवयवदान हे रोजच्या जगण्यातले शौर्य मानले आहे. आमचा वाद आहे तो 'बायकोने द्यायचीच, आईने द्यायचीच' या सवयीशी, आणि त्या सवयीला प्रार्थनेचा पोशाख चढवण्याशी.

कुणी म्हणेल, प्रभूने स्वतःला दिले नाही का? दिले. पण योहानाच्या दहाव्या अध्यायात तोच सांगतो की त्याचा प्राण कुणी हिरावून घेत नाही, तो स्वतः होऊन देतो. पिलातासमोर गर्दीही ओरडत होती. त्या ओरडण्याला कुणी त्याग म्हणत नाही. जपमाळ हातात घेऊन आपण कोणाच्या बाजूला उभे होतो, हे आम्ही स्वतःला विचारले, आणि उत्तराची लाज वाटली.

ख्रिस्तसभेची शिकवण धूसर नाही. कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथाचा परिच्छेद २२९६ सांगतो की दात्याची स्पष्ट संमती नसेल, तर प्रत्यारोपण नैतिकदृष्ट्या मान्य नाही. देशाचा कायदाही तेच सांगतो. १९९४चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा ४ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वप्रथम ज्या राज्यांत लागू झाला, त्यांत आपला गोवा होता. २०१४च्या नियमांत तर स्त्री दात्याबाबत जास्त काळजी घ्या, तिची स्वतंत्र संमती रुग्णाव्यतिरिक्त दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळा, असे लिहिले आहे. नियम करणाऱ्यांना घरातला दबाव ठाऊक होता. आम्हाला मात्र तो दिसला नाही. देशात जिवंत दात्यांमध्ये स्त्रिया पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त आहेत, आणि अवयव मिळणाऱ्यांत पुरुष जास्त. हा केवळ योगायोग आहे, असे मानायला आमचे मन तयार नाही.

दुसरा आक्षेप असा की इतके बोललात तर कुणी किडनीच देणार नाही. आम्हाला उलटे वाटते. १९५४च्या २३ डिसेंबरला बोस्टनमध्ये रोनाल्ड हेरिकने आपल्या जुळ्या भावाला किडनी दिली. देण्याआधी डॉक्टरांनी त्याच्यापुढे धोके मांडले, तरी तो मागे हटला नाही. पुढे तो २०१०पर्यंत, वयाच्या ७९व्या वर्षापर्यंत, एका किडनीवर जगला. माहिती असलेला माणूस घाबरून पळतोच असे नाही. अंधारात ढकललेला माणूस मात्र मनातून कुढत राहतो.

म्हणून माहिती सांगू या. दात्याचा रक्तगट, ऊतींची जुळणी, रक्तदाब, साखर, लघवीतील प्रथिने, किडनीची गाळण्याची क्षमता, सीटी स्कॅन, मनाची तयारी, सगळे तपासले जाते. डॉक्टरांशी एकांतात बोलण्याचा आणि शेवटच्या क्षणीही 'नको' म्हणण्याचा हक्क दात्याला आहे. रक्तगट जुळत नसेल तर दोन कुटुंबांनी आपसांत दाते बदलण्याची मुभा २०११च्या दुरुस्तीने दिली आहे.

दाता साधारण चार-पाच दिवसांत घरी येतो, पण घरी आला म्हणजे बरा झाला असे नव्हे. पुढचे सहा आठवडे जड उचलणे नाही. अंगदुखीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीत. दरवर्षी रक्तदाब, क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणी, ती आयुष्यभर. ज्याला किडनी मिळाली त्याच्या गोळ्याही किडनी चालेल तोवर. त्या शरीराची प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवतात, म्हणून पहिले काही महिने जंतुसंसर्गाचे भय मोठे. 'आता प्रार्थनेने बरे झालात, गोळ्या कशाला?' असे म्हणणारा माणूस विश्वास वाढवत नाही, तो मिळालेली किडनी घालवतो. आणि वीस जणांनी त्या खोलीत दाटीवाटीने तेर्स म्हणणे ही भक्ती नव्हे. अंगणातून म्हणा, आपापल्या घरून म्हणा. देवाला ऐकू येते.

आम्ही आमच्यापुरते ठरवले आहे. प्रत्यारोपणाच्या घरी 'कोण देणार?' हा प्रश्न आम्ही विचारणार नाही. मिस्सा दोघांच्या नावाने ठेवू, आणि ज्याने किडनी दिली त्याचे नाव आधी घेऊ. सहा आठवडे पाणी भरायची आणि बाजारहाटाची पाळी वाटून घेऊ. जेवणाचा डबा, सकाळची पेज, दात्याच्या हातात देऊ. वर्षाने तपासणीची तारीख आठवण करून देऊ, आणि सोबत लागली तर झुआरी पूल ओलांडून बरोबर जाऊ. जो कुणी 'नको' म्हणेल, त्याच्याशी पूर्वीइतक्याच मायेने बोलू. आणि आम्ही स्वतः मरणोत्तर अवयवदानाची नोंद करू. दुसऱ्याकडे बोट दाखवणाऱ्याने निदान एवढे करावे.

त्या वहिनींची आम्ही माफी मागितली. त्या हसून म्हणाल्या, "मी दिली असतीच हो. फक्त मला कुणी विचारलं नाही."

प्रभू, आम्हाला आधी विचारायला शिकव. आमेन.