दोन खाड्यांमधील रस्ता

दिवाळी जवळ आली कीं घरोघरीं प्रवासाचे बेत सुरू होतात. अलीकडे या बेतांत सायकलीनेंहि मानाचें स्थान मिळविलें आहे. कॉलेजांतील मुलेंमुलीच नव्हेत, तर नोकरी करणाऱ्या सुना आणि पन्नाशी ओलांडलेले काकाहि "रेवसपासून रेडीपर्यंत किनाऱ्यानें जाऊं" अशी भाषा बोलूं लागले आहेत. हौस स्तुत्य खरी. परंतु रजा आठ दिवसांची, रस्ता सुमारें 500 किलोमीटरांचा, आणि मंडळी कमीअधिक शक्तीची. अशा वेळीं सारा मार्ग कसाबसा पुरा करावा, कीं त्यांतील दोनतीन तुकडे निवडून ते मनसोक्त पाहावे? आमचें मत दुसऱ्या पक्षाकडे आहे. मात्र निवड डोळसपणें झाली पाहिजे.

त्यासाठीं या किनाऱ्याची ठेवण आधीं समजून घ्यावी. मुंबई-गोवा महामार्ग पेण, महाड, चिपळूण, राजापूर असा आंतून जातो. त्यावरून समुद्राचें दर्शन घडत नाहीं. किनाऱ्याच्या रस्त्याची गोष्ट वेगळी. सह्याद्रींतून उतरलेल्या प्रत्येक नदीनें समुद्रास मिळतांना तेथें खाडी केली आहे, आणि दोन खाड्यांच्या मध्यें जांभ्या दगडाचे उंच सडे पसरले आहेत. त्यामुळें रस्ता सड्यावर चढतो, नारळीपोफळींच्या वाडींत उतरतो आणि लगेच पुन्हां चढूं लागतो. नकाशावर दहा किलोमीटर दिसणारें अंतर पायांस वीस किलोमीटरांसारखें जाणवतें तें यामुळेंच. म्हणून येथें केवळ किलोमीटर मोजूं नयेत, चढ मोजावे. आणि एका खाडीपासून दुसऱ्या खाडीपर्यंतचा रस्ता हा निवडीचा स्वाभाविक घटक मानावा. फेरीबोटींत सायकलीसह बसलें म्हणजे एक तुकडा संपला, आणि पैलतीरीं उतरलें म्हणजे दुसरा सुरू झाला.

ज्यांस संवय नाहीं त्यांनीं राजपुरी आणि बाणकोट या दोन खाड्यांमधील दिवेआगर ते हरिहरेश्वर हा भाग घ्यावा. आरावी, शेखाडी या गांवांवरून श्रीवर्धनकडे जाणारा रस्ता समुद्राच्या अगदीं कडेनें जातो. एका अंगास डोंगर आणि दुसऱ्या अंगास खडकांवर फुटणारें पाणी. श्रीवर्धन हें बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचें मूळ गांव. तेथें मुक्काम करावा. पुढें हरिहरेश्वरास जातांना चढ आहेत, ते दुसऱ्या दिवशीं ताज्या पायांनीं घेतलेले बरे.

ज्यांचे पाय तयार आहेत त्यांनीं बागमांडल्यास फेरीबोटींत बसून वेशवीस उतरावें आणि तेथून दाभोळपर्यंत जावें. यास तीन दिवस तरी द्यावे. वेळास, केळशी, आंजर्लें, हर्णै अशीं एकाहून एक गांवें वाटेंत लागतात. वेळास हें नाना फडणविसांचें मूळ गांव; तेथें समुद्रकांसवांच्या घरट्यांचें रक्षण केलें जातें. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीपाशीं थांबून दम घेतला कीं समोर समुद्रांत सुवर्णदुर्ग दिसतो. दापोलीकडील मुरूड हें महर्षि धोंडो केशव कर्व्यांचें गांव. विद्यार्थिदशेंत परीक्षेस बसण्यासाठीं ते येथून भर पावसाळ्यांत पायीं साताऱ्यास गेले, आणि वय लहान दिसतें म्हणून त्यांस तेथून परत यावें लागलें. ही हकीकत सांगितली कीं चढावर कुरकुरणारा घरचा विद्यार्थी घटकाभर तरी गप्प बसेल!

तिसरा तुकडा जयगड ते रत्नागिरी. अंतर पन्नास किलोमीटरांच्या आंतबाहेर. परंतु एका दिवसांत उरकूं नये. मालगुंड हें केशवसुतांचें जन्मस्थान, पुढें गणपतिपुळें. आणि त्यानंतर आरे-वारे येथील उतार, जेथें टेंकडीवरून दोन पुळणी एकदम दृष्टीस पडतात. शिवाय 1998 पासून कोंकण रेल्वे पूर्णपणें सुरू झाली असल्यामुळें रत्नागिरीहून परतीची सोय उत्तम आहे. वृद्ध मंडळींस गाडीनें थेट गणपतिपुळ्यास पाठवावें. म्हणजे सारें कुटुंब रात्रीं एका पंक्तीस बसूं शकेल.

कांहीं व्यवहाराच्या गोष्टी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. प्रवास उत्तरेकडून दक्षिणेकडे करावा. दुपारनंतर समुद्रावरून बहुधा वायव्येचा वारा सुटतो, तो पाठीस मदत करतो. पहाटे निघून ऊन तापण्यापूर्वीं सडा ओलांडावा, कारण तेथें सांवली नसते. उतारांसाठीं ब्रेक तपासून घ्यावे. शेवटची फेरीबोट केव्हां सुटते हें आदल्या दिवशींच विचारावें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, जो सर्वांत सावकाश चालवितो त्यानें सर्वांचा वेग ठरवावा. हा नियम पाळला तर वडीलधाऱ्यांनीं परवानगी नाकारण्याचें कारण उरत नाहीं.

आतां या निवडीस एक निराळी निकड आली आहे. सागरी महामार्गासाठीं या खाड्यांवर पूल बांधण्याचे बेत आखले गेले असून कामेंहि हातीं घेण्यांत आलीं आहेत. पूल झाले म्हणजे फेरीबोटींचें प्रयोजन संपेल आणि शांत रस्त्यावर मोटारींची वर्दळ वाढेल. यावर आपण हळहळणें बरें नव्हे. रात्रीं-अपरात्रीं अडलेल्या बाळंतिणीस इस्पितळांत नेण्यासाठीं ज्यांस खाडीचा वळसा घालावा लागतो, त्यांस पुलाची किंमत विचारावी. प्रवाशाच्या चार दिवसांच्या सौंदर्यदृष्टीहून त्यांची गरज निःसंशय मोठी आहे.

तथापि जें जाणार आहे तें जाण्यापूर्वीं आदरानें पाहून घेणें, एवढें तर आपल्या हातीं आहे. म्हणून निवड करतांना फेरीबोटीच्या तुकड्यांस अग्रमान द्यावा. सारा मार्ग पुरा केल्याचें श्रेय पुढें केव्हांहि मिळवितां येईल. परंतु बोटीच्या कठड्यास सायकल टेकवून, मुलांस खाडीचें नांव विचारीत पैलतीरास जाण्याचा योग फार दिवस राहील असें नाहीं.