आधी यादी, मग गाडी

चिंचणीच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात, "डॉक्टरसाहेब, अणुशक्ती केंद्रात काही बरेवाईट झाले तर मुलांना आयोडीनचे मीठ जास्त द्यावे, असे शेजारच्या काकू म्हणतात. हे खरे का? आणि माझ्या सासूबाई दोन वर्षे अंथरुणाला खिळून आहेत. त्यांना घेऊन आम्ही जायचे कुठे?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला देता येईल. दुसऱ्याचे माझ्याकडे नाही. ते नाही म्हणूनच आजचा हा लेख.

आधीच सांगतो, कोणाला घाबरवण्याचा माझा हेतू नाही. तारापूरचे केंद्र १९६९ साली सुरू झाले. देशातले ते पहिले अणुविद्युत केंद्र. किरणोत्सर्गामुळे आसपासच्या लोकांना घरे सोडून पळावे लागले, असा प्रसंग इतक्या वर्षांत आलेला नाही आणि तो येऊही नये. पण घरात विस्तव असला की जवळ पाण्याची बादली ठेवावी, हे आपल्या आज्यांनाही ठाऊक होते. अशा केंद्राभोवती १६ किलोमीटरच्या परिघासाठी आपत्कालीन आराखडा करावा लागतो. त्या परिघात तारापूर, चिंचणी, बोईसर ही सारी गावे येतात. केंद्राच्या कुंपणाबाहेरची जबाबदारी जिल्हा प्रशासनाची असते. म्हणजे कागद आहे. प्रश्न आहे तो कागदापासून आपल्या उंबरठ्यापर्यंतच्या अंतराचा.

आता मिठाचा प्रश्न. अणुभट्टीच्या मोठ्या अपघातात जे पदार्थ हवेत मिसळतात, त्यांत किरणोत्सारी आयोडीन असते. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला आयोडीन लागतेच. चांगले कोणते आणि घातक कोणते हे तिला कळत नाही, मिळेल ते ती ओढून घेते. म्हणून पोटॅशियम आयोडाइडची गोळी वेळेवर देऊन ती ग्रंथी आधीच चांगल्या आयोडीनने भरून टाकतात. पोट भरलेला माणूस पुन्हा ताटावर बसत नाही, तसेच हे. मोठ्या माणसाची एक मात्रा १३० मिलिग्रॅमची असते व तीत साधारण १०० मिलिग्रॅम आयोडीन असते. आपल्या मिठात किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावे, असा नियम आहे. हिशेब करा, एका गोळीइतके आयोडीन मिळवायला साडेसहा किलोहून अधिक मीठ खावे लागेल! माणूस त्याआधीच दगावेल. २०११ मध्ये जपानमधील अपघातानंतर चीनमध्ये लोकांनी मिठासाठी दुकानांपुढे रांगा लावल्या होत्या. त्याचा उपयोग शून्य. जखमेवर लावायचे टिंक्चर आयोडीन तर चुकूनही पिऊ नये, ते विष आहे.

गोळीविषयीही गैरसमज नको. ती फक्त थायरॉइडचे आणि फक्त किरणोत्सारी आयोडीनपासून रक्षण करते. ती संसर्गाच्या थोडी आधी किंवा पहिल्या काही तासांत घेतली तरच खरा उपयोग होतो. दुसऱ्या दिवशी घेऊन फायदा नाही, उलट अपाय होऊ शकतो. तिची सर्वाधिक गरज लहान मुले, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या मातांना असते. चाळिशी उलटलेल्यांना फायदा कमी. म्हणून सूचना मिळाल्यावरच घ्यायची, आपल्या मनाने नाही.

गोळीइतकेच महत्त्व दुधाला आहे. हे आयोडीन गवतावर पडते, गवतातून गाईच्या पोटात आणि तिथून दुधात उतरते. १९८६ साली चेर्नोबिलच्या अपघातानंतर आसपासच्या प्रदेशात मुलांचे दूध वेळेवर बंद झाले नाही. पुढे त्या पिढीतल्या हजारो जणांना थायरॉइडचा कर्करोग झाला. या आयोडीनचा जोर दर आठ दिवसांनी निम्मा होतो. म्हणजे काही आठवडे काळजी घेतली, तर पुष्कळ अनर्थ टळतो.

तेव्हा सूचना आली तर घरात काय करायचे? घरात जा, दारे-खिडक्या लावा. बाहेरची हवा आत ओढणारे पंखे आणि कूलर बंद करा. बाहेरून आलेल्याने वरचे कपडे उंबऱ्यापाशीच उतरवून पिशवीत बांधावेत आणि साबणाने अंघोळ करावी. त्याने अंगावरची बहुतेक धूळ जाते. झाकलेले पाणी प्या, झाकलेले अन्न खा. उघड्यावरची पालेभाजी, ताजे दूध, दोरीवर सुकत घातलेले बोंबील, सूचना मिळेपर्यंत यातले काहीही नको. गुरे गोठ्यात बांधा, आतला झाकलेला पेंढा घाला. रेडिओ लावा. आणि मुले शाळेत असतील तर त्यांना आणायला धावू नका. शाळेची पक्की भिंत त्यांना रस्त्यापेक्षा अधिक सांभाळते.

हे लिहिताना मला आपल्याकडचे पाडे आठवतात. कुडाच्या घरात दार लावून काय होणार? हवा तर भिंतीतूनच येते. त्या घरांसाठी जवळची स्लॅबची शाळा किंवा समाजमंदिर आधीच ठरवून ठेवायला हवे. किल्ली कोणाकडे असते, हेही ठाऊक हवे.

आता सासूबाईंचा प्रश्न. आपली समजूत अशी, की धोका दिसला की पळावे. जो लवकर पळेल तो वाचेल. ही समजूत जपानने फार मोठी किंमत देऊन खोटी ठरवली आहे. ११ मार्च २०११ रोजी भूकंप आणि सुनामीनंतर फुकुशिमाच्या अणुभट्ट्या बिघडल्या. केंद्राजवळच्या ओकुमा गावातील रुग्णालय आणि त्याला जोडलेला वृद्धांचा आश्रम घाईने रिकामा करण्यात आला. अंथरुणावरच्या म्हाताऱ्यांना कित्येक तास बसमध्ये बसवून नेले. सोबत पुरेसे डॉक्टर नव्हते, सलाइन नव्हते, कोणाला कोणता आजार आहे याची कल्पना नव्हती. त्या धावपळीत आणि पुढच्या काही दिवसांत चाळीसहून अधिक रुग्ण दगावले. फुकुशिमा प्रांतात स्थलांतराच्या हालांमुळे व त्यानंतरच्या ओढगस्तीने झालेल्या मृत्यूंची सरकारी नोंद २,००० च्या वर गेली. उलट, तिथल्या रहिवाशांच्या आरोग्यावर किरणोत्सर्गाचा थेट दुष्परिणाम झाल्याची नोंद आढळली नाही, असे संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रीय समितीने २०२१ मध्ये सांगितले. लोकांना हलवायलाच नको होते, असा याचा अर्थ नाही. पण कोणाला, केव्हा आणि कसे हलवायचे हे आधी ठरले नसेल, तर मदतीला आलेली गाडीच माणसाचा जीव घेते.

त्याच जपानमधले दुसरे उदाहरण मिहारू या लहान गावाचे. ते केंद्रापासून सुमारे ५० किलोमीटरवर आहे. १५ मार्चला वारा आपल्या दिशेने फिरणार आणि पाऊसही येणार, हे पाहून गावच्या प्रशासनाने वरच्या आदेशाची वाट न पाहता चाळिशीच्या आतल्या नागरिकांना आयोडीनच्या गोळ्या वाटल्या. प्रांताने त्या परत घ्यायला सांगितले, तेव्हा गावाने नकार दिला. गावाला हे जमले, कारण गोळ्या हाताशी होत्या आणि कोणत्या घरात कोण आहे हे त्यांना माहीत होते.

आपल्याला ते माहीत आहे का? मार्च २०१८ मधील एक रात्र मला विसरता येत नाही. तारापूर औद्योगिक वसाहतीतील एका रासायनिक कारखान्यात मोठा स्फोट झाला. माझ्या घराच्या काचा हादरल्या. भूकंप म्हणून लोक रस्त्यावर आले, कोणी म्हणाले केंद्रात झाला, तर काही जण मोटारसायकली काढून आग बघायला निघाले. त्या गर्दीतून एक तरुण दम्याच्या आईला मागे बसवून माझ्या दारात आला. "डॉक्टर, आईला कुठे नेऊ?" त्याने विचारले. त्या माउलीला घरातून निघेपर्यंत काहीही झाले नव्हते. वाटेतल्या धुराने आणि भीतीने तिचा दमा उसळला होता. मी तिला वाफ दिली, इंजेक्शन दिले. पण त्याच्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. इतकी वर्षे या भागात दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला देता आले नाही! त्याची लाज मला आजही वाटते.

दुसऱ्या दिवशी मी एक वही काढली. जे स्वतःच्या पायाने घराबाहेर पडू शकत नाहीत, ज्यांना प्राणवायू किंवा डायलिसिस लागते, ज्यांचे दिवस भरत आले आहेत, अशांची नावे लिहू लागलो. माझ्या एकट्याच्या रुग्णांत २३ नावे निघाली. गावात डॉक्टर काही मी एकटा नाही. मग साऱ्या गावाची यादी किती होईल? एवढ्यांना उचलायला किती स्ट्रेचर, किती रुग्णवाहिका लागतील? ही वही कोणाला द्यावी म्हणून मी दोन-तीन ठिकाणी विचारले. जो तो दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवी. वही अजून माझ्याच खणात आहे.

म्हणून माझे मागणे मोठे नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीने आशाताईंच्या मदतीने ही यादी करावी आणि दर सहा महिन्यांनी तपासावी. आशाताईंना त्याचा वेगळा मोबदला द्यावा, फुकटची कामे त्यांच्या माथी पुरेशी आहेत. गोळ्या कोठे ठेवल्या आहेत आणि त्या कोण वाटणार, हे खासगी डॉक्टरांनाही कळवावे, कारण लोक पहिल्यांदा आमच्याच दारात येतात. घरात काय करायचे याच्या सूचना मराठीबरोबर हिंदीतही लावाव्यात आणि पाड्यांवर वारलीत बोलून सांगाव्यात. आणि सराव दिवसाउजेडी अधिकाऱ्यांपुरता न होता एकदा तरी रात्री, पावसात आणि एखाद्या खऱ्या पाड्यावर व्हावा. याला कोट्यवधी रुपये लागत नाहीत. हीच यादी पुरात, वादळात आणि वायुगळतीतही कामाला येते.

राहिले त्या भगिनीचे उत्तर. ताई, मिठाची काळजी सोडा. सूचना आली तर सासूबाईंना घरातल्या सर्वांत आतल्या खोलीत ठेवा, दारे लावा. त्यांची पंधरा दिवसांची औषधे आणि आजाराचा कागद एका पिशवीत घालून ती उशाशी टांगा. हलवायचे की नाही, ते सूचना येईपर्यंत ठरवू नका. आणि उद्याच ग्रामपंचायतीत जाऊन विचारा, "आमच्या सासूबाईंचे नाव तुमच्या यादीत आहे का?" यादीच नाही असे उत्तर मिळाले, तर पहिले नाव त्यांचे लिहून द्या. मीही माझी वही घेऊन येतो.