दोन दगडांवर पाय? चालतंय की!

'मनी हाइस्ट'मधली गरोदर इन्स्पेक्टर अलिसिया सिएरा आठवतेय ना? ते काम करणारी नाज्वा निम्री आपल्याला २०१९ मध्ये माहीत झाली. स्पेनमध्ये मात्र ती १९९५ पासून सिनेमात आहे. आणि ती गातेही! कार्लोस जीनसोबत तिने 'नाज्वाजीन' ही जोडी जमवली. १९९८ मध्ये त्यांचा 'नो ब्लड' अल्बम आला, त्याच वर्षी तिचा 'लव्हर्स ऑफ द आर्क्टिक सर्कल' हा सिनेमाही. २००१ मध्ये तिचा एकटीचा अल्बम आला. २०१८ च्या 'किएन ते कान्तारा' या सिनेमात तर तिने स्मृती गेलेली गायिकाच रंगवली.

आपल्याकडे नाटक आणि बँड दोन्ही करणाऱ्याला लगेच ऐकवतात, 'धड एक काहीतरी धर.' पण घोळ दोन गोष्टी करण्यात नसतो, दोन्ही अर्धवट सोडण्यात असतो. नाज्वाने सिनेमे केले, अल्बमही पूर्ण केले. जगभर नाव व्हायला चोवीस वर्षं लागली, तरी तिने गाणं सोडलं नाही. तेव्हा दोन्ही करायचंय? बिनधास्त करा. फक्त हजेरी दोन्हीकडे पूर्ण लावा. प्रॉक्सी चालणार नाही!